चवथीच्या आधी मायक्रोवेव्ह: मांद्र्याच्या घरातल्या नोंदी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार, रक्षाबंधन

यंत्र २८ लिटरचं, कन्व्हेक्शनवालं, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून भाजणारंही. मागच्या पट्टीवर मायक्रोवेव्हची ताकद ९०० वॉट छापलेली आहे. घर गोव्यात, समुद्राला लागून, त्यामुळे खिडकीच्या बिजागऱ्यांचं जे होतं तेच याच्या पत्र्याचं होतं.

तक्रारी चार आहेत. पहिली वासाची. श्रावण लागल्यापासून घरात मासे शिजलेले नाहीत, तरी दार उघडलं की सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) भपकारा येतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा किसमुरीच्या तोंडीलावण्यासाठी सुंगटं यातच भाजली जात होती. दुसरी, ताट फिरताना खरखर. तिसरी, आत उजव्या भिंतीपाशी ठिणगी उडते. चौथी, कन्व्हेक्शन लावला की थोड्याच वेळात आरसीसीबी, म्हणजे वीजबोर्डावरचा सुरक्षेचा स्विच, पडतो आणि अख्खं घर काळोखात.

वहिनी म्हणाली, "भावजी, चवथीला घरभर माणसं. तोवर एक तर हा नीट करा, नाही तर पडवीत नेऊन ठेवा." चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ तारखेला.

दोन गोष्टी आजच ठरवल्या. ठिणगी थांबेपर्यंत यंत्र चालवायचं नाही. आणि बाहेरचं कव्हर आपण उघडायचं नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारा दाब काही हजार व्होल्टचा असतो, आणि प्लग काढला तरी कपॅसिटर तो धरून बसतो. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप घरी उघडणाऱ्यांनी हे यंत्र त्यांच्या रांगेत धरू नये. दाराच्या आत हात पोचतो तेवढं आपलं, स्क्रूच्या पलीकडलं मिस्त्रीचं.

१० ऑगस्ट, रविवार

सगळीकडे सांगतात ती पद्धत अशी: वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून चार-पाच मिनिटं चालवा, दार न उघडता तसंच ठेवा, मग पुसा. पद्धत उत्तम आहे, पण ठिणगी उडणाऱ्या यंत्राला ती लागू नाही, कारण त्यात मायक्रोवेव्ह चालवावाच लागतो. म्हणून प्लग काढून ठेवला, चुलीवर पाणी खळखळ उकळलं, रुंद वाडग्यात ओतून आत ठेवलं आणि दार लावून घेतलं. पाणी निवलं की पुन्हा उकळतं. वेळ जास्त जातो, पण वाफ ती वाफच.

छतावरचा तुपाचा थर पहिल्या खेपेला नुसता मऊ झाला, निघाला नाही. दुसऱ्या खेपेनंतर जुन्या मलमलच्या फडक्याला भांड्यांचं सौम्य साबण लावून पुसला. छतात ग्रिलची नळी आहे, तिच्याभोवती फडकं घट्ट पिळूनच फिरवलं. फवारा कुठेच मारला नाही. भिंतीतल्या बारीक भोकांमागे पंखा आणि तारा असतात, आत गेलेलं पाणी पुसायला हात जात नाही.

तारेचा काथ्या वर्ज्य. आतला पत्रा रंगवलेला असतो. ओरखडा पडला की आमच्या हवेत आठवड्याभरात तिथे गंज दिसतो, आणि रंग उडालेल्या जागी पुढे ठिणगी उडू शकते. चिकटून बसलेल्या डागांवर खाण्याच्या सोड्याची पाण्यातली पेस्ट लावून अर्धा तास ठेवली, मग लाकडी उलथन्याच्या कडेने हलकेच सोडवले.

व्हिनेगरचा प्रयोग फसला. घरात माडाचं व्हिनेगर होतं, तेच पाण्यात घातलं. मटणाला ते लाख चांगलं, पण यंत्रात सुंगटांच्या वासात ताडीचा वास मिसळला आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर तव्हेर्नासारखं (दारूच्या गुत्त्यासारखं) घमघमत होतं. व्हिनेगर वापरायचंच तर पांढरं वापरा. आम्ही लिंबावर आलो.

११ ऑगस्ट, सोमवार

खरखर. काचेचं ताट आणि त्याखालचं चाकांचं कडं बाहेर काढलं. चाकांच्या आसांत वाळलेली साखर आणि नारळाचा चव रुतून बसला होता. कडं कोमट साबणपाण्यात भिजत घातलं, आस जुन्या टूथब्रशने घासले. चाकं ज्या वाटेवरून फिरतात ती गोल खोबणही पुसली. मधला प्लास्टिकचा तिकोनी कपलर वर ओढला की निघतो, त्याच्याखालचं पाणी टिपून घेतलं. खरखर गेली. खर्च शून्य. नवीन कडं मागवायच्या बेतात होतो, ते वाचलं.

काचेचं ताट गरम असताना नळाखाली धरू नका. आमच्या आधीच्या ताटाचा शेवट तसाच झालाय.

दाराच्या कडा आणि ज्या चौकटीवर दार टेकतं ती बाजू आज पुसली. तिथे ओशट थर किंवा खरकटं साचलं की दार नीट टेकत नाही. दाराच्या काचेतली भोकांची जाळी लहरी आत अडवते, भोकं साफ करायला म्हणून तिच्यात टाचणी घालू नये.

१३ ऑगस्ट, बुधवार

ठिणगीची जागा. उजव्या भिंतीवर फिकट तपकिरी, पुठ्ठ्यासारखा दिसणारा आयताकृती तुकडा असतो. बरेच जण तो पॅकिंगचा राहिलेला कागद समजून काढून टाकतात. टाकू नका. ती मायका शीट, म्हणजे अभ्रकाचा पातळ पत्रा. मॅग्नेट्रॉनकडून, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाकडून, लहरी ज्या तोंडातून आत येतात ते तोंड ती झाकते. लहरी आरपार जातात, वाफ आणि तूप मात्र पलीकडे जात नाही.

आमच्या शीटवर खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा डाग होता. तुपाचा शिंतोडा जळून त्याचा कोळसा झाला की तो कोळसा वीज वाहू लागतो, तिथेच ठिणगी पडते, तिथेच आणखी जळतं. पुसून भागत नाही. वरचा डाग फडक्याने गेला, पण खालचे पापुद्रे सुटले होते. शीट धुवायचीही नसते, पाणी पापुद्र्यांत शिरतं.

एक प्लास्टिकचा स्क्रू आणि एक खाच, एवढ्यावर ती बसलेली. हे काम आतूनच होतं, कव्हरला हात लागत नाही. शीट काढल्यावर मागच्या तोंडाची कडा बॅटरी लावून पाहिली. एका जागी रंग काळवंडलेला, पण पत्रा उघडा पडलेला नव्हता. साबणाच्या फडक्याने काजळी निघाली. पत्रा उघडा असता तर नवी शीटही जळली असती, आधी रंगाचं बघावं लागलं असतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

म्हापशाला गेलो. शुक्रवारचा बाजार भरलेला, चवथीची गर्दी आत्ताच सुरू. सुटे भाग विकणारं दुकान स्वातंत्र्यदिनाची सुट्टी म्हणून बंद. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची चौकशी करून परत. दिवस फुकट.

१८ ऑगस्ट, सोमवार

मायका शीट मिळाली. वहीच्या पानाएवढा कोरा तुकडा, १२० रुपये. कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चालतो, कापून बसवायचा. दुकानात पातळ आणि जाड अशा दोन होत्या. जुना तुकडा सोबत नेला होता म्हणून जाडी जुळवता आली, नाही तर खाचेत बसली नसती.

जुनी शीट वर ठेवून पेन्सिलने आखून घेतली. कात्री एका दमात चालवली तर कडेचे पापुद्रे सुटतात, पहिला कोपरा तसाच वाया गेला. नंतर धारदार कटरने पट्टी धरून हलके हलके तीन-चार वेळा ओढलं, कड स्वच्छ आली. स्क्रूचं भोक खिळ्याने ठोकून पाडू नका, तडा जातो. कटरचं टोक फिरवत फिरवत पाडलं. शीट बसवल्यावर ती भिंतीला सपाट टेकली पाहिजे, फुगवटा राहता कामा नये.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चाचणी. काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी, तापमान २६ अंश. पूर्ण ताकदीवर १ मिनिट. ढवळून मोजलं: ३७. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणलं की वॉट अंदाजाने मिळतात. ११ गुणिले ७० म्हणजे ७७०. छापलेल्या ९०० पेक्षा बरंच कमी. मॅग्नेट्रॉन थकला की काय अशी शंका आली, पण तेव्हा संध्याकाळचे साडेसात होते आणि घरातल्या स्टॅबिलायझरवर दाब २०५ व्होल्ट दिसत होता. रात्री उशिरा २२८ असताना तीच चाचणी पुन्हा केली. १२ अंश चढले, म्हणजे ८४० वॉट. यंत्र ठीक आहे, लाइन उतरते. पावसाळ्यात संध्याकाळी जेवण गरम व्हायला वेळ का लागतो त्याचं उत्तर हेच.

ठिणगी नाही. मग लिंबाची नेहमीची वाफही दिली, लाकडी चमचा पाण्यात ठेवून. गुळगुळीत काचेत पाणी कधी कधी उकळीच्या पुढे तापूनही शांत दिसतं आणि चमचा घातला की एकदम उसळून हातावर येतं. चमचा आधीपासून आत असेल तर बुडबुड्यांना जागा मिळते.

एवढं सगळं करून सुंगटांचा वास आहे तिथेच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज मिस्त्री आले. त्यांच्यासाठी दोन प्रश्न ठेवले होते, आरसीसीबी आणि वास, आणि दोन्हींचं मूळ एका जागी निघालं.

आरसीसीबी का पडतो, याची घरातली समजूत अशी होती की कन्व्हेक्शन वीज जास्त खातो म्हणून. जास्त वीज खाल्ली तर एमसीबी, म्हणजे जादा भाराचा स्विच, पडतो. आरसीसीबी पडतो तो गळतीने, म्हणजे थोडी वीज अर्थिंगकडे निसटली की. आमचा ३० मिलिअँपिअरचा आहे. मिस्त्रींनी कव्हर उघडून आधी कपॅसिटरमधली वीज उतरवली, मग हीटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावला. हीटरच्या नळीत तारेभोवती पांढरी भुकटी भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती दमट हवेतलं पाणी ओढते. कन्व्हेक्शन जून महिन्यापासून लागलाच नव्हता, हीटर गार पडून होता, पावसाळ्याची सगळी ओल त्याने पिऊन घेतली. त्यामुळे इन्सुलेशन घसरलेलं. हीटर जळला नव्हता, ओला होता.

त्यांनी तो काढून आपल्या वर्कशॉपात नेला, तिथे भट्टीत काही तास सुकवला आणि संध्याकाळी आणून बसवला. मेगरवर आकडा चढलेला दाखवला. "नवा घाला म्हणाला असता तर दोन हजार घेतले असते मी," हे त्यांनी स्वतःच सांगितलं. भेट आणि काम मिळून ८०० रुपये घेतले. शेजारी एकांनी सुचवलं होतं की आरसीसीबी बाजूला काढून थेट जोडा, हीटर आपोआप सुकेल. सुकेलही, पण तोवर यंत्राचा पत्रा हात लावायच्या लायकीचा राहणार नाही. अर्थिंग कच्चं असेल तर विचारूच नका.

अर्थिंगही तपासून घेतलं. जुन्या चिऱ्यांच्या घरात अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे शोधण्यापासून सुरुवात. माडाच्या आळ्याशेजारी सापडला, ठीक होता. सॉकेट मात्र ठीक नव्हतं. यंत्राचा प्लग १६ अँपिअरचा, आणि तो ६ अँपिअरच्या बोर्डात कन्व्हर्टर लावून खुपसलेला. कन्व्हर्टरची एक बाजू पिवळी पडून मऊ झाली होती. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट ओढून घेतला, वायर धरून ९५० रुपये. पूर्ण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि चार तक्रारींत याचं नावही नव्हतं.

कव्हर उघडलेलं असताना मागच्या कन्व्हेक्शनच्या पंख्याचा कप्पा पाहिला. पंख्याच्या पात्यांवर तेलकट काजळी, तळाशी सुंगटांची सोंडं आणि सालं. भाजताना आत गेलेली. आम्ही बाहेरून लिंबू दाखवत होतो आणि वास भिंतीच्या मागे बसला होता. मिस्त्रींनी कप्पा ब्रशने झाडून काढला.

जाताना दाराभोवती, लहरी बाहेर गळतात का ते मोजणारा लीकेज मीटर फिरवून घेतला. मर्यादा ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट. आमचा आकडा तिच्या जवळपासही नव्हता. मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का पाहायची चाचणी लोक करतात, तिला अर्थ नाही. चांगल्या यंत्रातही रिंग वाजू शकते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

खिडक्या उघड्या टाकून, ताट आणि कडं बाहेर काढून, नुसता कन्व्हेक्शन २०० अंशांवर वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत निळसर धूर आणि असा वास की अंगणातला कुत्रा दारात येऊन बसला. मग कमी होत गेला. गार झाल्यावर आत पुन्हा पुसलं. वास गेला. आरसीसीबी पडला नाही.

रिकामं चालवायचं नाही हा नियम मायक्रोवेव्हपुरता आहे. तिथे लहरी शोषणारं आत काही नसेल तर त्या परत मॅग्नेट्रॉनवर जातात. कन्व्हेक्शनमध्ये नुसती गरम हवा असते, केकसाठी आपण रिकामंच तापवतो.

आता दर पंधरा दिवसांनी, विशेषतः मिरगापासून चवथीपर्यंत, कन्व्हेक्शन दहा मिनिटं लावायचा असं ठरलं. वापर असो नसो. हीटर कोरडा राहील.

२४ ऑगस्ट, रविवार

जागा बदलली. पूर्वी फळीच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी कोंबलेला असायचा आणि डोक्यावर भाकरीचं टोपलं. आता मागे वीत, वर हातभर जागा मोकळी. वर काही ठेवायचं नाही, क्रोशाचं झाकणसुद्धा नाही, ते नेमकं हवेच्या फटींवर येतं.

मुंग्या. त्या बटणांच्या पट्टीच्या फटीतून आत जातात, कारण आत उबदार आणि कोरडं असतं. पाली आणि झुरळंही त्याचसाठी जातात आणि सर्किटवर मरून फ्यूज उडवतात. फटींना चिकटपट्टी लावायचा विचार आला तर सोडून द्या, यंत्र गुदमरेल. रात्री आत खरकटं ठेवायचं नाही आणि फळी साबणाने पुसायची, एवढंच केलं. औषधाचा खडू यंत्राच्या आसपास ओढला नाही, अन्न तिथेच ठेवतो आपण.

दुपारी भांडी तपासायला बसलो. ज्या भांड्याची शंका असेल ते रिकामं आत ठेवायचं, शेजारी पेलाभर पाणी, एक मिनिट चालवायचं. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर चालेल. भांडंच तापलं तर बाद. निकाल: काचेचे वाडगे पास. मेलामाइनच्या थाळ्या नापास, चांगल्याच तापल्या. हुमणाचं (माशांच्या आमटीचं) मातीचं बुडकुलं नापास, कारण माती पाणी धरून ठेवते आणि तीच तापते. आजीच्या सोनेरी कडेच्या बशा चाचणीलाही घेतल्या नाहीत, सोनेरी रेघ म्हणजे धातू. स्टीलचे डबे तर प्रश्नच नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

वहिनीशी सुंगटांवरून वाटाघाटी. माझं म्हणणं, सुकी सुंगटं यात भाजायचीच नाहीत. त्यांत पाणी जवळजवळ नसतं, मूठभर घातली की यंत्राला ती असून नसल्यासारखी, त्यात एखादं जळलं की धुमसत राहतं. तिचं म्हणणं, तव्यावर भाजलं की घरभर वास. शेवटी असं ठरलं की सुंगटं तव्यावर, तीही मागच्या पडवीतल्या चुलीवर. पापड मायक्रोवेव्हमध्ये चालेल, पण एकावेळी दोन, अर्धं मिनिट, आणि समोर उभं राहून.

आत कधी पेटलंच तर दार उघडायचं नाही. बंद करायचं, भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि विझेपर्यंत थांबायचं. दार उघडलं की हवा मिळते. हे वहिनीने दोन्ही पोरांकडून वदवून घेतलं.

३० ऑगस्ट, शनिवार

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्या दीड दिवसात यंत्र जवळजवळ सतत चालू होतं. खतखतं (मिश्र भाज्यांची आमटी) गरम करताना मोठं पातेलं नको, दोन वाडग्यांत विभागून घेतलं आणि मध्ये एकदा ढवळलं. नाही तर कडेचं खतखतं जीभ पोळेल इतकं आणि मधला सुरण गार. झाकण ठेवायचं, पण घट्ट नाही. पातोळ्यांवर पाण्याचा हबका मारून हळदीच्या पानासकट तीस सेकंद. पोयी (गोव्याचा पाव) ओलसर फडक्यात गुंडाळून पंधरा सेकंद, त्याहून जास्त झालं की चामडं होतं.

ठिणगी नाही, खरखर नाही, आरसीसीबी जागेवर.

खर्च: मायका १२०, मिस्त्री ८००, पॉइंट ९५०. लिंबं परसातली.

राहिलेलं एक काम: ताटाखालच्या खोबणीच्या कडेला मसुराएवढा फोड आहे, रंगाखाली गंज धरलाय. बारीक पॉलिशपेपरने घासून त्यावर मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीचाच रंग लावावा लागेल, घरातला ऑइलपेंट किंवा चंदेरी रंग नाही. म्हापशात तो मिळाला नाही, मागवलाय. घासताना पत्र्याला आरपार भोक निघालं तर मात्र रंग लावून उपयोग नाही, यंत्र वापरातून काढायचं हे वहिनीला आत्ताच सांगून ठेवलंय.